तळघरातला नैर्ऋत्येचा वारा

माझ्या मार्गदर्शकांनी शोधून काढलेला एक वारा मुळात कधी वाहिलाच नव्हता, आणि हे त्यांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. तेव्हा मी चाळिशी ओलांडलेली विद्यार्थिनी होते आणि ते निवृत्तीला टेकलेले प्राध्यापक. वाळू आणि धुळीच्या अभ्यासात जयपूरमध्ये त्यांचा शब्द शेवटचा मानला जायचा.

आम्ही मूळचे अकोल्याचे. नवरा रेल्वेत, म्हणून दर काही वर्षांनी बिऱ्हाड पाठीवर. लग्नाआधी मी भूशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं, पण ते प्रमाणपत्र बदल्यांच्या ट्रंकेत तळाशी पडून राहिलं आणि मी गावोगावच्या शाळांत भूगोल शिकवत राहिले. दोन हजार सालानंतर आम्ही जयपूरला आलो. बनी पार्कच्या जवळ रेल्वेचं क्वार्टर मिळालं. मुलगी शिकायला पुण्याला गेली, त्या वर्षी मी नवऱ्याला सांगून टाकलं की आता मी पीएच.डी. करणार आहे. विचारलं नाही, सांगितलं. तो म्हणाला, "कर. माझा डबा मी भरून घेईन." आणि त्याने तो खरंच भरून घेतला, बहुतेक दिवशी नुसती पोळी आणि लोणचं.

घरात तिसरं माणूस म्हणजे सासूबाई. त्यांना आम्ही सगळे माय म्हणायचो. त्यांची बोली शेवटपर्यंत वऱ्हाडीच राहिली. जयपूरच्या भाजीवाल्याशीही त्या वऱ्हाडीतच भाव करत आणि तो बिचारा हिंदीतून उत्तरं देई. त्यांचं एकच दुखणं होतं, धूळ. सकाळी पुसलेल्या बुद्धाच्या मूर्तीवर दुपारी बोट फिरवलं की बोट पिवळं व्हायचं.

"अकोल्याले काय धूळ नव्हती?" त्या म्हणायच्या. "पण ते बाहीर राहे. इथची तं मिठाच्या डब्यात जाऊन बसते."

त्यांची तक्रार आणि माझा अभ्यास यांचा विषय एकच होता. जयपूरच्या उत्तरेला आणि पूर्वेला अरवलीचे डोंगर आहेत आणि पश्चिमेला मोकळं मैदान, पार वाळवंटापर्यंत. हजारो वर्षं वाऱ्याने तिकडून वाळू आणि धूळ उचलून आणली आणि डोंगरांनी ती अडवली. डोंगरांच्या पायथ्याशी तिचे ढीग साचले, घट्ट झाले. ते ढीग वाचायला शिकलं की कुठला वारा कधी वाहत होता ते सांगता येतं.

वाचणं तसं सोपं आहे. वारा वाळूला चढावरून ढकलत नेतो, माथ्यावर पोचली की ती पलीकडच्या उतारावर घरंगळते. त्यावर पुन्हा नवी वाळू घरंगळते. असे तिरपे थर एकावर एक साचत जातात. पुढे कधी तो ढीग कापला गेला, की कापलेल्या अंगावर तिरप्या रेघा दिसतात. रेघा ज्या दिशेला खाली उतरतात, त्या दिशेला तो वारा चालला होता. पाण्याने आणलेल्या गाळात गोटे, चिखल, बारीक-मोठं सगळं एकत्र असतं. वारा मात्र निवडून आणतो, त्याचे कण बहुतेक एका मापाचे.

झोटवाडा या उपनगराच्या पलीकडे डोंगराच्या कड्याखाली वाळू काढून सोडून दिलेली एक खाण होती. तिची उभी भिंत म्हणजे सरांची हयातभराची कमाई. खालचे थर ईशान्येकडे उतरत होते, म्हणजे वारा नैर्ऋत्येचा, आजच्या पावसाळी वाऱ्यासारखा. सर्वांत वरचेही तसेच. पण मध्ये चुनखडीच्या गाठी असलेला एक लाल पट्टा होता आणि त्याच्या बरोबर खालचे थर उलटे, नैर्ऋत्येकडे उतरत होते. सरांचं म्हणणं असं, की फार थंड आणि कोरड्या अशा एका काळात पावसाळी वारे मंदावले आणि हिवाळ्यातल्या ईशान्येच्या वाऱ्याचं राज्य आलं. ते ठिकठिकाणी या विषयावर बोलले होते. हा वारा कुठवर पोचला होता ते दाखवणं, हे माझ्या प्रबंधाचं काम.

मी दोन हिवाळे डोंगरांच्या पायथ्याशी हिंडले. उलटे थर सापडत गेले आणि सर खूश होत गेले. पण एक गोष्ट मला टोचत होती. उभा कडा असेल तिथेच ते सापडत होते. डोंगराचा उतार जिथे सावकाश होता, तिथे लाल पट्टा होता, पण त्याखाली उलटं काही नव्हतं.

मग मे महिन्यात एका दुपारी आंधी आली. आकाश आधी पिवळं झालं, मग तांबूस, आणि खिडक्या लावेपर्यंत घरात वाळू करकरू लागली. तासाभरात सगळं शांत झालं. माय खराटा घेऊन बाहेर गेल्या आणि त्यांच्या मागोमाग मीही गेले. कंपाउंडच्या पश्चिमेच्या भिंतीबाहेर वाळूचा लांबट ढीग साचला होता. पण तो भिंतीला चिकटलेला नव्हता. भिंत आणि ढीग यांच्यामध्ये हातभर पट्टी लख्ख मोकळी होती, जणू कुणी झाडून ठेवली होती.

"माय, थांबा! झाडू नका."

"काहून? आता कचराबी जपून ठेवतं का?"

"थोडा वेळ. आणि मला उलथनं आणून द्या, जमलं तर."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मला उन्हाचा त्रास झाला होता. पण उलथनं आणून दिलं. मी ढिगावर पाणी शिंपडून तो उभा कापला. भिंतीकडच्या अर्ध्या भागात बारीक रेघा होत्या आणि त्या उलट्या होत्या, भिंतीपासून दूर, जिकडून आंधी आली तिकडे उतरणाऱ्या. वारा भिंतीवर आपटून खाली वळला होता आणि पायाशी उलटा फिरून त्याने ही वाळू मागे सारली होती. पश्चिमेच्या वाऱ्यानेच पूर्वेच्या वाऱ्याची खूण करून ठेवली होती. मी गुडघ्यांवर बसून राहिले. सरांचा ईशान्येचा वारा काय असू शकेल हे मला तिथेच कळलं होतं. आता फक्त ते सिद्ध करायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी सरांना सांगितलं. आमचं बोलणं हिंदीत चालायचं. सर राजस्थानीच, आवाज कधी चढत नसे, आणि राग आला की जास्तच अदबीने बोलत.

"देखिए," ते म्हणाले, "रेल्वेच्या कंपाउंडची भिंत आणि अरवली यांच्यात थोडा फरक आहे."

"उंचीत आहे, सर. वारा दोन्हीकडे तसाच वागणार."

"असं? मग डोंगरापासून लांब, मोकळ्या मैदानात दाखवा. जिथे आपटायला काही नाही. तिथेही लाल पट्ट्याखाली उलटे थर नसतील, तर मी तुमचं ऐकेन." मग थोडं हसून म्हणाले, "पण सपाट मैदानात एवढा खोल खड्डा तुम्हाला कोण खणून देणार?"

उत्तर परतीच्या वाटेवरच मिळालं. वैशाली नगरमध्ये बस अडकली होती आणि खिडकीतून मला पत्र्यांच्या कुंपणाआड क्रेन दिसत होती. पुढच्या चौकात दुसरी. तेव्हा जयपूर पश्चिमेकडे भराभर पसरत होतं. जिथे कालपर्यंत बाभळी होत्या तिथे दुकानांच्या इमारती उठत होत्या, आणि प्रत्येक इमारतीला खाली बेसमेंट हवं होतं. मला जे मैदान खणून हवं होतं ते सगळं शहर आपणहून खणत होतं.

पहिल्या जागी चौकीदाराने मला दारातच अडवलं. हातात होकायंत्र, पिशवीत गवंड्याची करणी आणि ब्रश, अंगावर सलवार-कमीज. त्याला वाटलं मी महापालिकेकडून आले. दुसऱ्या जागी आत सोडलं, पण भिंतींना आधीच काँक्रीट चढलं होतं. तिसऱ्या जागी दोन माणसं माझ्यामागे यायला लागली, तेव्हा मी सरळ परत फिरले. घरी येऊन मी चिडून हे सगळं सांगितलं. माय तूर निवडत होत्या.

"मी येतो तुह्यासंग," त्या म्हणाल्या.

"तुम्ही कुठे उन्हात?"

"म्हातारी बाई संग असली का कोनी काई म्हनत नाई. आन् घरी बसून तरी काय, धूळच पुसतो नं."

तेव्हापासून आम्ही दोघी निघायला लागलो, माझ्या स्कूटरवर, मायच्या हातात छत्री आणि पाण्याची बाटली. त्यांचं म्हणणं खरं ठरलं. चौकीदार त्यांना "माताजी" म्हणत आणि बसायला खुर्ची किंवा सिमेंटची गोणी देत. माय तिथे बसून त्यांच्याशी वऱ्हाडी-हिंदीत मुलाबाळांच्या चौकशा करत, तोवर मी शिडीने खाली उतरलेली असे.

वैशाली नगरमधल्या एका दुकानांच्या इमारतीच्या खड्ड्यात मला हवं ते सापडलं. नुकतंच खणलेलं होतं, भिंती उघड्या, वाळू कोरडी आणि घट्ट. मी करणीने भिंत हलकेच तासली, ब्रश फिरवला, आणि खांद्याच्या उंचीवर लाल पट्टा उमटला. त्यात चुनखडीच्या गाठी, खाणीत होत्या तशाच, बोराएवढ्या. आता खाली जे दिसेल त्यावर सगळं ठरणार होतं.

मी खाली तासत गेले. रेघा दिसू लागल्या. इथे घाई करून चालत नाही, कारण एकाच भिंतीवर बघितलं तर रेघांचा खरा उतार कळत नाही. शेजारची भिंतही बघावी लागते. मी कोपऱ्यात गेले, दोन्ही भिंती साफ केल्या आणि रेघा कुठे उतरतात ते बघायला होकायंत्र लावलं. ईशान्य. चार हात सरकून पुन्हा लावलं. ईशान्य. पट्ट्याच्या वर ईशान्य, खाली ईशान्य, तळापर्यंत ईशान्य. उलटं काहीच नव्हतं. वारा पहिल्यापासून नैर्ऋत्येचाच होता.

तेवढ्यात ठेकेदार आला. "कुठल्या विभागाच्या आहात?" त्याने वरून विचारलं.

"कुठल्याच नाही. मला फक्त ही भिंत बघायची होती."

"भिंतीत काय आहे?"

"वारा आहे," मी म्हणाले.

तो मोठ्याने हसला आणि खाली उतरला. मी त्याला रेघा दाखवल्या, वारा कुठून कुठे चालला होता ते हाताने दाखवलं. तो थोडा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "मी आजवर इतके खड्डे खणले, हे कधी बघितलंच नव्हतं. दोन दिवस आहेत तुमच्याकडे, परवा इथे काम सुरू होईल." आणि त्याने मला चहा मागवला. वर मायलाही पाठवला.

सरांनी माझे फोटो शांतपणे बघितले. "हा लाल पट्टा तोच आहे कशावरून?"

प्रश्न रास्त होता. मी दोन्हीकडची माती चाळून आणली, गाठी फोडून आणल्या, कणांची मापं समोर ठेवली. ती जुळत होती. तरी ते म्हणाले, "एका खड्ड्यावरून नाही." हेही रास्तच होतं. मी आणखी हिंडले. झोटवाड्यात, कड्यापासून लांब, एका छोट्या कारखान्याची पाण्याची टाकी जमिनीखाली बांधत होते, तिथे तेच सापडलं. पुढे एका शाळेच्या नव्या इमारतीच्या पायासाठी खणलेल्या खड्ड्यात तेच. प्रत्येक वेळी मी सरांच्या टेबलावर फोटो ठेवायचे आणि ते म्हणायचे, "बघतो." मग त्यांनी त्या विषयावर बोलणंच सोडलं.

डिसेंबरात शहरात भूशास्त्राच्या अभ्यासकांचं संमेलन भरणार होतं आणि सरांचं व्याख्यान ठरलं होतं. विषय अर्थातच ईशान्येचा वारा. मी त्यांच्या खोलीत गेले, दार लोटून घेतलं आणि उभ्यानेच म्हणाले, "सर, प्रबंधात मी ईशान्येचा वारा लिहू शकणार नाही."

"मग काय लिहिणार?"

"नैर्ऋत्येचा वारा कधी थांबलाच नाही, एवढंच. ढीग कड्याजवळ पोचला तेव्हा, मधली जागा भरेपर्यंत, तो पायाशी उलटा फिरला आणि आपल्याला चकवून गेला. गोष्ट लहान आहे, पण पक्की आहे."

त्यांनी चष्मा काढला. सदऱ्याने काचा पुसत राहिले. आपल्याला दुसरा मार्गदर्शक शोधावा लागेल, असं मनात येऊन गेलं. त्याचीही माझी तयारी होती. मला भीती वाटत नव्हती. फक्त या माणसाबद्दल वाईट वाटत होतं. थरांच्या रेघा वाचायला मला त्यांनीच शिकवलं होतं.

"उद्या कुठला खड्डा उघडा आहे?" त्यांनी विचारलं.

झोटवाड्याची टाकी उघडी होती. दुसऱ्या दिवशी सर आले, पांढरा सदरा, डोक्याला रुमाल. माय छत्री घेऊन बसल्या होत्या. सरांनी वाकून "नमस्ते, माताजी" म्हटलं. मायने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मला म्हणाल्या, "हाच का तो, वारा उलटा करनारा?"

"काय म्हणतात?" सरांनी विचारलं.

"शिडीवर गुडघे सांभाळा म्हणतात."

ते गुडघे सांभाळत उतरले. मी तासून ठेवलेली भिंत त्यांनी बघितलीच नाही. स्वतःची करणी काढली आणि जिथे मी हात लावला नव्हता तिथे तासायला लागले. कोपरा साफ केला, दोन्ही भिंती बघितल्या, होकायंत्र लावलं. एकदा, दोनदा. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. मग एका जागी त्यांचा हात थांबला.

"हे काय आहे?"

लाल पट्ट्याखाली वीतभर जागेत रेघा खरंच उलट्या होत्या. मी जवळ गेले, ब्रश फिरवला. त्या जागेच्या कडा गोल होत्या आणि आतली वाळू भोवतालच्या वाळूपेक्षा सैल.

"बीळ आहे, सर. कुठल्या तरी जनावराचं. नंतर वाळूने भरलेलं."

त्यांनी करणीचं टोक आत घातलं. आतली वाळू भसाभस खाली सांडली आणि भिंतीत एक गोल भोक राहिलं. सर हसले. कितीतरी महिन्यांनी मी त्यांना हसताना बघत होते. नंतर ते सिमेंटच्या ठोकळ्यावर बसले आणि म्हणाले, "इतकी वर्षं मी त्या खाणीच्या भिंतीसमोर उभा राहिलो. प्रत्येक वेळी डोंगराकडे पाठ करून. एकदा जरी मागे वळून कडा बघितला असता."

वरून मायचा आवाज आला, "झालं का वो? ऊन फिरलं."

संमेलनात सरांनी व्याख्यानाचा विषय बदलला नाही. पहिल्या अर्ध्या वेळात त्यांनी ईशान्येच्या वाऱ्याचा सगळा पुरावा मांडला, पूर्वी मांडायचे तसाच, जोरात. मग थांबून म्हणाले, "हे सगळं मी तुम्हाला अनेकदा सांगितलं आहे. आता माझ्या विद्यार्थिनी तुम्हाला सांगतील की ते का चूक आहे." आणि माइक माझ्याकडे दिला. हे त्यांनी मला आधी सांगितलं नव्हतं. पण फोटो सगळे माझ्याच लॅपटॉपवर होते आणि मला त्यातली रेघन् रेघ पाठ होती. मी उठले आणि आंधीच्या दुपारपासून सुरुवात केली. कंपाउंडची भिंत पडद्यावर आली तेव्हा काही जण हसले. बेसमेंटचे कोपरे एकामागून एक येत गेले तसं सभागृह शांत होत गेलं. नंतर प्रश्न पुष्कळ आले, काही तिखट. एकाने विचारलं, एवढ्याशा खड्ड्यांवरून तुम्ही इतक्या मोठ्या काळाबद्दल बोलता? मी म्हणाले, "एका खड्ड्यावरून बोलले नसते. सगळे एकच सांगतात म्हणून बोलते. तुमच्या गावात कुणी बेसमेंट खणत असेल तर उतरून बघा, आणि वेगळं दिसलं तर मला कळवा." टाळ्या पडल्या. सर पहिल्या रांगेत बसून माझ्या आकृत्या उतरवून घेत होते.

संध्याकाळी घरी आले तर नवऱ्याने पोहे केले होते. मायने विचारलं, "मंग, कोनता वारा निंगाला?"

"नैर्ऋत्येचा. सगळ्यांनी मान्य केलं."

"तिकूनच तं धूळ येते," त्या म्हणाल्या आणि पोह्यांवर लिंबू पिळू लागल्या.

प्रबंध पुढच्या वर्षी पुरा झाला. सर निवृत्त झाले, तरी आमचं हिंडणं थांबलं नाही. वारा नैर्ऋत्येचाच होता हे ठरल्यावर तो किती जोराचा होता यावरून आमचे वाद सुरू झाले. ते म्हणत, आजच्यापेक्षा फार जोराचा. मी म्हणत असे, जोर तेवढाच, फक्त जमीन उघडी होती, गवत नव्हतं, म्हणून वाळू जास्त उडाली. नवऱ्याची भुसावळला बदली होईपर्यंत हा वाद मिटला नव्हता. निघायच्या आधीच्या आठवड्यात सरांचा फोन आला, त्यांच्या ओळखीचं कुणीतरी वैशाली नगरच्याही पलीकडे विहीर खणत होतं, खोल. सामान बांधायचं अर्धं राहिलं होतं. मी करणी आणि ब्रश पेटीतून परत बाहेर काढले आणि मायला हाक मारली.